वाचक विचारतात : माणूस कशासाठी जन्माला येतो?

गेल्या अंकात ‘माझ्या आयुष्याचा हेतू काय’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रे बरीच आली आणि पुष्कळ पत्रांचा रोख सारखाच होता. त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र करून सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तरुणांच्या शिबिरात सांगितले की देवाची प्रत्येकासाठी योजना आहे. यिर्मया २९:११ हे वचन (‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो; ते हिताचे आहेत’) आम्ही पाठही केले. पण माझ्यासाठी ती योजना कोणती, हे मला कळत नाही. सी.ए.ची तयारी करू की बी.एड. करून शिक्षिका होऊ? चुकीचे निवडले तर देवाची योजना कायमची हुकेल, अशी भीती वाटते. (एक विद्यार्थिनी, पुणे)

ताई, ज्या वचनावरून ही भीती सुरू झाली ते वचन आधी त्याच्या जागेवर ठेवून वाचू या. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना ते लिहिले आहे. आपण लवकरच घरी जाऊ, असे त्या लोकांना वाटत होते आणि खोटे संदेष्टे त्यांना तसेच सांगत होते. यिर्मया लिहितो : घरे बांधा, मळे लावून त्यांची फळे खा, लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा आकडा येतो आणि त्यानंतर तुमचे अकरावे वचन. हे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस पाहिलाच नसणार. ‘तुमच्याविषयी’ हा शब्दही अनेकवचनी आहे. ते अभिवचन एका अख्ख्या समाजाला दिलेले आहे, आणि त्याचा पहिला परिणाम म्हणून लोकांनी काय करायचे होते? समोरचे घर बांधायचे, मळा लावायचा.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आयुष्याचा हेतू ही एक आणि पोटापाण्याचा मार्ग ही दुसरी. पहिली गोष्ट पवित्र शास्त्राने लपवलेली नाही. रोमकरांस ८:२९ सांगते की आपण ख्रिस्ताच्या प्रतिमेसारखे व्हावे. मीखा ६:८ सांगतो : न्यायाने वागणे, दया आवडीने करणे, देवासमोर नम्रपणे चालणे. १ थेस्सलनीकाकरांस पत्रात ‘ही देवाची इच्छा आहे’ असे दोनदा स्पष्ट लिहिले आहे, ४:३ मध्ये पवित्रीकरणाबद्दल आणि ५:१८ मध्ये उपकारस्तुतीबद्दल. हा हेतू सी.ए. होऊनही पुरा होतो आणि शिक्षिका होऊनही. आणि दोन्हींकडे तो बाजूला टाकताही येतो. चुकीचा फॉर्म भरल्याने तो हुकत नाही.

निवड मात्र करावीच लागेल. त्यासाठी सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी आखून दिलेली पद्धत आम्हांला सर्वांत उपयोगी वाटते, आणि ती प्रॉटेस्टंट माणसालाही वापरता येते. आधी प्रश्न एका ओळीत, नेमका लिहा. ‘मी काय करू?’ असा प्रश्न चालत नाही. ‘या जूनमध्ये बी.एड.ला प्रवेश घेऊ की नको?’ असा हवा. मग स्वतःला तराजूच्या काट्यासारखे मध्यावर आणा. ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण मन आधीच एका पारड्यात बसलेले असते. ते कुठे बसले आहे तेवढे तरी देवासमोर कबूल करा. नंतर कागदाचे चार भाग करा : घेतल्याने फायदा, घेतल्याने तोटा, न घेतल्याने फायदा, न घेतल्याने तोटा. लोक दोनच रकाने करतात आणि तिथेच फसतात, कारण ‘न घेतल्याने’ काय होईल याचा विचार राहून जातो. त्यानंतर कल्पना करा की तुम्ही कधीही न पाहिलेली एक मुलगी हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आली आहे आणि तिचे भले व्हावे एवढीच तुमची इच्छा आहे. तिला काय सांगाल? मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना कोणती निवड केलेली आवडेल, हेही विचारा. जे ठरेल ते घेऊन प्रार्थनेला बसा आणि काही दिवस मनातली शांती टिकते का ते पाहा.

इग्नेशियस यांचा एक नियम तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे : मन उदास, कोरडे झालेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. पहिल्या परीक्षेत नापास झालात त्या रात्री क्षेत्र बदलायचे ठरवू नका.

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी मानायचे, हा प्रकार सोडून द्या. त्यासाठी पुष्कळ जण गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात (लोकर तेवढी दवाने भिजावी, अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती). पण शास्ते ६:३६ नीट वाचा. काय करायचे हे गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितले होते. तो धीर मागत होता.

प्रश्न : माझे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर अहमदनगरकडचे, प्रॉटेस्टंट. माझ्या आईने लहानपणी पाठ केलेले उत्तर : ‘देवाला ओळखावे, त्याच्यावर प्रीती करावी, त्याची सेवा करावी आणि पुढे त्याच्याबरोबर सुखी व्हावे, म्हणून त्याने मला घडवले.’ माझा मुलगा संडे स्कूलमधून शिकून आला : ‘देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणे.’ खरे उत्तर कोणते? (एक गृहिणी, ठाणे)

तुमच्या आईचे उत्तर जुन्या कॅथलिक प्रश्नोत्तऱ्यांमधून, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून श्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तकांमधून, आलेले आहे. अमेरिकेत १८८५ साली निघालेल्या बाल्टिमोर प्रश्नोत्तरीतही ते जवळजवळ याच शब्दांत आढळते. मुलाचे उत्तर वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीतले आहे. ती १६४७ साली लंडनमध्ये तयार झाली, तिच्यात १०७ प्रश्न आहेत आणि हा त्यांतला पहिलाच. स्कॉटलंडच्या चर्चने ती उचलून धरली. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात बाणकोटच्या बाजूला काम करू लागले आणि १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत आले. ही प्रश्नोत्तरी त्यांच्या बालपणीच्या शिक्षणाचा भाग होती.

दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि एकमेकांना खोडत नाहीत. आईच्या उत्तरात क्रम आहे : ओळख, मग प्रीती, मग सेवा. ओळख नसताना सेवा करायला गेले की ती वेठबिगार होते. मुलाच्या उत्तरात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हेतू एकच सांगितला आहे, पण क्रियापदे दोन आहेत. गौरव करणे वेगळे आणि आनंद करणे वेगळे, असे त्यात धरलेले नाही.

‘गौरव’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठीत हा शब्द आता सत्कार समारंभाचा होऊन बसला आहे. शाल, श्रीफळ, टाळ्या. बायबलमधला मूळ हिब्रू शब्द ‘काबोद’ आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ जड असणे, वजन असणे. आणि योगायोग असा की आपला ‘गौरव’ही ‘गुरु’वरून आला आहे आणि गुरु म्हणजे जडच. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असे आपण रोज म्हणतो, अगदी तोच अर्थ.

हा अर्थ धरून पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातली एली याजकाची गोष्ट वाचा. एलीचे मुलगे अर्पणातला उत्तम भाग हडपतात. देव एलीला विचारतो, तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांना मान देतोस काय? (२:२९) इथला ‘मान देणे’ हा त्याच धातूचा शब्द आहे. घरात कोणाच्या शब्दाला जास्त वजन आहे, असा तो प्रश्न आहे. चौथ्या अध्यायात एली आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण तो म्हातारा आणि ‘जड’ झाला होता. पुन्हा तोच धातू. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी त्याची सून मरता मरता आपल्या बाळाचे नाव ‘ईखाबोद’ ठेवते आणि म्हणते, गौरव निघून गेले. देवाच्या वाट्याचे खाऊन घराणे जड झाले आणि देवाचे वजन त्या घरातून उठले.

तेव्हा देवाचे गौरव करणे म्हणजे आपल्या निर्णयांत त्याच्या शब्दाला वजन देणे. मुलाला समजावताना हेच सांगा. शाळेत मित्र म्हणतो कॉपी कर, देव म्हणतो खरे वाग. कोणाचा शब्द जड? सहा-सात वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळते.

दोन्ही घरांत एक गोष्ट मात्र आवर्जून सांगत जा. हेतू पूर्ण केल्याबद्दल देव आपल्याला स्वीकारतो, असे दोन्हीपैकी कोणतीही परंपरा शिकवत नाही. इफिसकरांस २:८-१० मध्ये आधी कृपा येते, मग सत्कृत्ये. आठवे आणि नववे वचन पाठ करायचे आणि दहावे सोडायचे, किंवा दहावे धरून आठवे विसरायचे, या दोन्ही चुका मंडळ्यांमध्ये सर्रास होतात.

प्रश्न : देवाने आपल्याला स्वतःच्या गौरवासाठी निर्माण केले, असे यशया ४३:७ वरून सांगतात. मग देव स्तुतीचा भुकेला आहे का? अशा माणसाला आपण आत्मप्रौढ म्हणतो. (एक वाचक, सोलापूर)

प्रश्न प्रामाणिक आहे आणि पवित्र शास्त्राने स्वतःच तो हाताळला आहे. स्तोत्र ५०:१२ मध्ये देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग माझे आहे. प्रेषितांची कृत्ये १७:२५ मध्ये पौल अथेन्सच्या लोकांना सांगतो की देवाला कशाची उणीव नाही, म्हणून माणसांच्या हातून सेवा घेण्याची त्याला गरज नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रीती जगाच्या उत्पत्तीपूर्वीपासून आहे (योहान १७:२४). माणसाला त्याने एकटेपणातून घडवले नाही. त्या प्रीतीत आणखी कोणाला तरी वाटा मिळावा म्हणून घडवले.

स्तुतीची गरज आपल्याला आहे. वजन कशाला तरी दिल्यावाचून माणूस राहत नाही. देवाला दिले नाही तर पैशाला, जातीला, पुढाऱ्याला किंवा स्वतःच्या मुलांना देतो, आणि ते ओझे यांपैकी कोणालाही पेलत नाही.

देव नुसत्या स्तुतीवर खूश होत असता, तर आमोस ५:२१-२४ लिहिलेच गेले नसते. तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे तिथे तो म्हणतो. गाण्यांच्या सरावाला आठवड्यात तीन संध्याकाळी जमणाऱ्या मंडळीने मजुराची मजुरी वेळेवर दिली जाते की नाही हेही पाहावे.

प्रश्न : सासूबाई दोन वर्षे अंथरुणावर आहेत. स्वयंपाक, धुणे, त्यांचे सगळे करणे यात दिवस संपतो. महिला मंडळाला जाता येत नाही. देवासाठी काहीच होत नाही असे वाटते. सासूबाईही म्हणतात, मी आता कशासाठी जगते? (एक भगिनी, जालना)

दोन प्रश्न आहेत. आधी तुमचा.

उत्पत्ती २:१५ मध्ये देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. पाप तिसऱ्या अध्यायात येते, काम दुसऱ्यातच आहे. म्हणजे काम ही शिक्षा नाही. त्या वचनातली दोन हिब्रू क्रियापदे गणना ३:७-८ मध्ये पुन्हा जोडीने येतात आणि तिथे ती लेव्यांच्या (उपासनेच्या कामासाठी नेमलेल्या वंशाच्या) निवासमंडपातल्या, म्हणजे उपासनेच्या तंबूतल्या, सेवेसाठी आहेत. बागेतली कुदळ आणि मंडपातली सेवा यांना एकच शब्द. सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक संन्यासी पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबत होते. भांड्यांच्या खडखडाटातही आपण प्रार्थनेच्या वेळेइतकेच देवाजवळ असतो, असे ते सांगत.

तुम्ही दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलता, टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी देता, चादरीची चुणी ओढून सरळ करता. मत्तय २५ मधल्या ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझी काळजी घेतली’ या येशूच्या शब्दांची ही अंमलबजावणी आहे, महिला मंडळाच्या हजेरीपुस्तकात तिची नोंद नसली तरी. (माकडहाडाजवळ किंवा टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही, तर तिथे चोळू नका. त्या कुशीवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.)

पण हे सांगताना तुमच्या घरच्यांनाही काही सांगितलेच पाहिजे. ‘सेवा हाच तुझा हेतू’ हे वाक्य सुनेला एकटीला राबवण्यासाठी फार वापरले जाते. निर्गम २०:१० मधली विसाव्याची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी आणि जनावरे या सगळ्यांची नावे घेऊन दिली आहे. घरातल्या एकालाही विसाव्यातून वगळण्याची सवलत त्यात नाही. ख्रिस्ती घरांतून रविवारी मटण असते आणि घरच्या बाईला इतर सहा दिवसांपेक्षा जास्त काम पडते. यावर तोडगा काढा. रविवारी सकाळी आठ ते एक सासूबाईंचे सगळे मुलाने किंवा नातवाने करायचे, तुम्ही उपासनेला जायचे. कूस कशी बदलायची हे शनिवारी त्यांच्याकडून एकदा करवून घ्या, म्हणजे ‘आम्हांला जमत नाही’ ही सबब उरणार नाही.

आता सासूबाई. हेतू म्हणजे उपयोग, असे धरले की त्यांच्या प्रश्नाला उत्तर राहत नाही. पण देवाची प्रतिमा (उत्पत्ती १:२७) ही हातापायांच्या ताकदीवर अवलंबून नाही. अंथरुणावरचे माणूस देवाला ओळखू शकते, त्याच्यावर प्रीती करू शकते आणि त्याच्या ठायी आनंदही करू शकते. त्यांना उपदेश करू नका. स्तोत्र ७१ सावकाश वाचून दाखवा. ‘म्हातारपणी माझा त्याग करू नको’ हे नवव्या वचनात आहे आणि अठराव्यात पुढच्या पिढीला देवाचे सामर्थ्य सांगण्याची इच्छा. मग त्यांना खरे काम द्या : रोज तीन नावे, प्रार्थनेसाठी. परीक्षेला बसलेला नातू, शेजारची बाळंतीण, मंडळीतला बेकार तरुण. आठवड्याने त्या माणसांचे काय झाले ते त्यांना येऊन सांगा. हे सांगणे राहून गेले की ती यादी केवळ मन रमवण्याची युक्ती होते, आणि म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळते. पाळकांना सांगून प्रभुभोजन घरी मागवा. गिळायला त्रास असेल तर आधी कळवा. भाकरीचा अगदी लहान तुकडा भिजवून आणि त्यांना नीट बसते करून देता येतो.

प्रश्न : माणसाचा हेतू स्वर्गात जाणे हाच ना? मग या जगाची एवढी काळजी कशाला? (एक वाचक, रत्नागिरी)

प्रेषितांच्या मतांगिकारात (विश्वासाच्या कबुलीत) आपण दर रविवारी ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणतो. आणि प्रकटीकरण २१ मध्ये माणसे वर जाताना दिसत नाहीत. पवित्र नगरी खाली उतरते आणि देवाची वस्ती माणसांबरोबर होते. जे जग देव नवे करणार आहे त्याची राखण आपल्याकडे दिलेली आहे. मरणानंतर विश्वासणारा ख्रिस्ताजवळ असतो हे खरे (फिलिप्पैकरांस १:२३), पण शास्त्राची शेवटची पाने त्याच्याही पुढे जातात.

प्रश्न : हे सगळे पटते, पण सोमवारी विसरायला होते. रोज लक्षात राहील असे काही सांगा. (अनेक वाचक)

झोपण्याआधी पंधरा मिनिटे. पद्धत इग्नेशियस यांचीच, पाच पायऱ्यांची. पहिल्यांदा उपकारस्तुती, आणि तीही नेमकी : ‘आजच्या दिवसासाठी’ असे मोघम नको, ‘लोकलमध्ये त्या माणसाने जागा दिली त्याबद्दल’ असे. मग दिवस खरा दिसावा म्हणून पवित्र आत्म्याकडे मदत मागणे. तिसऱ्या पायरीत उठल्यापासून तासातासाने दिवस पुन्हा पाहणे. मनात एकच प्रश्न ठेवा : या तासाला मी कोणाच्या शब्दाला वजन दिले? चौथी, क्षमा मागणे. पाचवी, उद्याची एकच गोष्ट ठरवणे. मग प्रभूची प्रार्थना.

मिनिटे वाटताना तिसऱ्या पायरीला सहा-सात द्या, बाकीच्यांना दोन-दोन. बहुतेकांचे बिघडते ते पहिल्या पायरीत. ती गाळून लोक थेट चुकांवर येतात, आठ दिवसांत हा वेळ स्वतःला झोडपण्याचा होतो, आणि मग तो टाळावासा वाटतो. पाचव्या पायरीत चार-पाच गोष्टी ठरवल्या तर एकही होत नाही. ‘रागावणार नाही’ असे न ठरवता ‘सकाळी डबा भरताना मुलावर ओरडणार नाही’ असे ठरवा. अंथरुणात पडून करू नका, तिसऱ्या पायरीतच झोप लागते. खुर्चीत बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात जागा नसेल तर गॅलरी किंवा जिना चालतो. एखादी रात्र हुकली तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे एकदम करायला बसू नका, त्या दिवसाचेच करा.